याने मला बघितलेलं नाही

शैलजाताई निकम यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नव्हता, हवामान खात्यावर नव्हता, आणि गॅसचं बटण आपण स्वतः बंद केलं आहे यावर तर मुळीच नव्हता. त्यासाठी त्या निम्मा जिना उतरून रोज एकदा परत वर यायच्या. घरात याची भरपूर थट्टा व्हायची. पण विट्यात आणि आसपासच्या गावांत ज्या शेकडो बायका वीस वर्षांत त्यांच्याकडे मोटरसायकल शिकल्या होत्या, त्यांतली एकही कधी हसली नाही. त्या सगळ्याजणी हातीपायी धड होत्या आणि आपण का धड आहोत हे त्यांना नीट ठाऊक होतं.

निकम ड्रायव्हिंग क्लासचा एक रिवाज होता. चौक आला, फाटा आला, समोरून किंवा बाजूने एखादी गाडी दिसली, की शिकणारीने म्हणायचं, "याने मला बघितलेलं नाही." मनातल्या मनात चालायचं नाही, मोठ्यांदा म्हणायचं. मागे बसलेल्या शैलजाताईंना ऐकू गेलं नाही तर पाठीत बोट टोचलं जायचं. नव्या मुली लाजायच्या. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे, ही बाई एकटीच काय पुटपुटतेय म्हणून. पण महिनाभरात ते वाक्य जिभेवर असं बसायचं की काही जणी गल्लीत पायी चालतानाही म्हणायच्या.

शैलजाताईंची मुलगी शर्वरी अठराव्या वर्षी शिकली. पहिल्याच दिवशी तिने आईला खिजवायला विचारलं होतं, "आणि समोरच्या गाडीत तूच असलीस तर?"

"मी असले तरी," शैलजाताई म्हणाल्या होत्या आणि बोट टोचलं होतं.

पाच वर्षांनी साक्षी हेल्मेट आलं.

ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या सगळ्यांना त्याची माहिती द्यायला सांगलीत एका हॉलमध्ये बोलावलं होतं. देवस्थळी नावाचा एक तरुण इंजिनिअर आला होता. मुलगा हुशार होता, बोलायचाही छान, आणि म्हणूनच शैलजाताईंना तो पहिल्यापासून पटला नाही.

"आपला डोळा पंख्यासारखा सरकत सरकत फिरत नाही," तो म्हणाला. "तो उड्या मारतो. सेकंदाला तीन-चार. आणि उडी चालू असताना मेंदू पडदा ओढून घेतो. तेवढा वेळ आपण चक्क आंधळे असतो. डोळा थांबतो तिथलंच दिसतं. आता ड्रायव्हर फाट्यावर मान वळवतो, दोन्हीकडे बघतो, पण त्याच्या दोन उड्यांच्या मधल्या जागेत अख्खी मोटरसायकल मावते. ट्रक मोठा असतो, तो कुठल्या तरी उडीत सापडतो. तुम्ही बारीक, तुम्ही निसटता. नंतर तो माणूस शपथेवर सांगतो की मी बघितलं होतं, रस्ता मोकळा होता. तो खोटंही बोलत नसतो."

यावर उपाय असा होता. सरकारने सगळ्या गाड्यांना स्टिअरिंगच्या वर एक कॅमेरा सक्तीचा केला होता. जुन्या गाडीला तो बसवल्याशिवाय पासिंग मिळत नव्हतं. हा कॅमेरा रस्त्याकडे बघत नसे, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत असे. डोळा कुठल्या दिशेला थांबला आणि किती वेळ थांबला हे तो मोजायचा. तुमच्या दिशेला पाव सेकंद थांबला, की ती गाडी रेडिओवरून निरोप धाडायची आणि हेल्मेटमध्ये त्या बाजूच्या कानात 'टक्' असा आवाज व्हायचा. म्हणजे त्याने तुम्हाला बघितलं. थांबला नाही तर त्या बाजूने भुंगा घोंगावल्यासारखं घूं घूं चालू राहायचं.

शैलजाताईंनी हात वर केला. "डोळा थांबला म्हणजे माणसानं बघितलं, हे कशावरून?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं डबीचं झाकण ओट्यावर समोर असतं आणि मी अख्खं स्वयंपाकघर धुंडाळते. डोळा त्या झाकणावर थांबत नसेल का?"

हॉल हसला. देवस्थळीही हसला. "डोक्यात शिरायचं यंत्र अजून निघालेलं नाही, मॅडम. पण आमच्या चाचण्यांत हजारात एखादाच असा सापडला."

"आणि आमच्या पोरींना दिवसाला किती गाड्या भेटतात?"

देवस्थळी पाणी प्यायला आणि म्हणाला की चहा तयार आहे.

पण खोटं कशाला बोला, अपघात घटले. वर्षभरात एवढे घटले की गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना दुपारची झोप मिळू लागली. ड्रायव्हर लोकही सुधारल्यासारखे दिसू लागले, कारण कॅमेरा प्रत्येकाचा लक्षांक काढायचा आणि शंभरातला हा आकडा जिथे तिथे मागितला जायचा. नोकरीला मागायचे, विम्याला मागायचे. लग्नाच्या बोलण्यांतही तो शिरला. मुलगा निर्व्यसनी, एकुलता, लक्षांक ब्याण्णव, असं मध्यस्थ सांगायचे आणि मुलीकडचे समाधानाने माना डोलवायचे. साठच्या खालच्या मुलांची मोठी पंचाईत झाली.

शर्वरी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. लॅब विट्यात, पेशंट वाड्यावस्त्यांवर, त्यामुळे तिच्या मोटरसायकलला दिवसाला नव्वद किलोमीटर सहज पडत. मागे नळ्यांचा निळा डबा बांधलेला. तिने साक्षी हेल्मेट पहिल्याच महिन्यात घेतलं. शैलजाताईंचे यजमान मदुराईला सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात, वर्षातून दोनदा यायचे, त्यामुळे घरात या मायलेकीच आणि भांडण झालं तर सोडवायला तिसरं कुणी नाही.

"आई, टक् झालं की मी जाते, घूं झालं की थांबते. ह्यात वाईट काय हाय?"

"आणि तोंडानं काय म्हणतेस?"

शर्वरी हेल्मेटचा पट्टा उगाच ओढत राहिली. "काही नाही म्हणत. कानात सांगतंय की ते."

"म्हणजे म्हणायचं सोडलंस."

"आई, तुझा ह्या जन्मात कशावर तरी भरवसा बसणार हाय का?" शर्वरी म्हणाली आणि गेली. शैलजाताई गॅलरीतून बघत राहिल्या. कोपऱ्यावर एक टेम्पो आडवा येत होता. पोरीने वेग कमी केला नाही. टेम्पो थांबला, ती निघून गेली. काही झालं नाही, पण त्या दिवशी शैलजाताईंना जेवण गेलं नाही.

रविवारी त्यांनी लेकीचं हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं आणि बाहेर पडल्या. शत्रूची ओळख करून घ्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं. पहिला अर्धा तास त्यांना कबूल करावं लागलं की यंत्र बरं आहे. डावीकडून टक्, उजवीकडून टक्, समोरच्या एसटीतून टक्. इतके लोक आपल्याकडे बघताहेत हे कळून माणसाला जरा बरंही वाटतं.

कराड रस्त्याच्या चौकात उजवीकडून एक पांढरी मोटार आली. कानात टक् झालं. शैलजाताई सवयीने म्हणाल्या, "याने मला बघितलेलं नाही," आणि काचेतून आत बघितलं. आतला माणूस मांडीवरच्या मोबाइलकडे बघून हसत होता. हनुवटी छातीला टेकलेली. त्यांनी ब्रेक दाबला. मोटार त्यांच्या पुढच्या चाकाला वारा घालत निघून गेली आणि त्या माणसाला आयुष्यात कधी कळणार नव्हतं की आज काय टळलं. लक्षात राहिला तो फक्त त्याचा चष्मा. जाड, तपकिरी फ्रेमचा, काचेवर किंचित निळसर झाक.

शैलजाताईंनी गाडी कडेला घेतली. पण खरं सांगायचं तर मनातून त्यांना थोडा आनंदही झाला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते शेवटी हाती लागलं होतं.

पुढचे आठ दिवस त्या दुपारी त्या चौकातल्या रसवंतीत जाऊन बसल्या, डोक्यावर एका विद्यार्थिनीचं साक्षी हेल्मेट घालून. लोक हसले तर हसू देत. गाडी जवळ आली की त्या उठून रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या, कानाने टक् ऐकायच्या आणि डोळ्यांनी ड्रायव्हर बघायच्या. बहुतेक वेळा दोन्ही जुळायचं. पण दिवसातून पाच-सात वेळा जुळायचं नाही. ड्रायव्हर मागे वळून बोलतोय, केळ सोलतोय, एकजण तर दात कोरत आरशात बघत होता, आणि हेल्मेट म्हणतंय टक्.

या आठ दिवसांत त्यांनी संशय घेतला नाही असा इसम तालुक्यात उरला नाही. आधी कंपनीवर घेतला. मग कॅमेरे बसवणाऱ्या गॅरेजवाल्यांवर. मग देवस्थळीवर, कारण तो फारच गोड बोलला होता. रसवंतीवाल्याने सहज विचारलं, "मॅडम, रोज कुणाची वाट बघताय?" तर त्याच्यावरही घेतला, आणि रस न पिता पुढच्या दुकानापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मात्र तिसऱ्या दिवसापासून एक गोष्ट त्यांना खटकत होती. खोटं टक् करणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर तोच तपकिरी चष्मा होता.

आठव्या दिवशी नसीमा मुलाणीची शाळेची व्हॅन चौकात थांबली. नसीमा त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिच्याही नाकावर तपकिरी फ्रेम.

"नसीमा, हा चष्मा कुठनं घेतलास?"

नसीमाला वाटलं मॅडम गंमत करताहेत. "तुम्हीच इचारताय व्हय? सुहासदादांच्या दुकानातला की. लई बरं झालं बघा मॅडम. नायतर ते मशीन सारखं वरडायचं. मागं पोरं मारामारी करत्यात, वळून बघायची सोय न्हवती."

सुहासदादा म्हणजे सुहास पवार. शैलजाताईंचा धाकटा, सख्खा भाऊ.

त्या घरी गेल्या नाहीत. जाऊन एक दिवस विचार करावा असंही त्यांना वाटलं नाही. इतके दिवस आपण सगळ्या जगावर संशय घेत हिंडलो आणि एका माणसाला वगळलं, याचा त्यांना राग आला होता. सुहासच्या मांडीवर शर्वरी लहानाची मोठी झाली होती. तिची पहिली सायकल मामाने आणली, तिच्या बारावीच्या निकालाला मामा रडला. असा माणूस.

पवार चष्माघरात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सुहास एका फ्रेमचा स्क्रू पिळत बसला होता. बहिणीचं तोंड बघून तो उठला.

"अक्का, बस की. च्या सांगू?"

शैलजाताईंनी त्याच्या पुढ्यात नसीमाकडून मागून आणलेला चष्मा ठेवला. "हे काय हाय?"

सुहासने चष्मा बोटाने जरा मागे सारला. थापा मारणं त्याला लहानपणापासून जमत नसे, कान लाल व्हायचे. तसे आताही झाले.

"दुधाच्या टँकरवर तानाजी शेळके हाय, तुला ठावं हाय," तो म्हणाला. "डावा डोळा तिरळा. वीस वर्षं टँकर चालवतोय, कुणाला खरचटलं न्हाई. पण कॅमेऱ्याला त्याचा डोळा कळंना. लक्षांक निघाला एकतीस. डेअरीनं घरी बसवला. हितं, ह्या खुर्चीत बसून रडला गं तो. म्हटलं, बघूया काय करता येतंय."

त्याने केलेली गोष्ट डोक्याची होती यात शंका नाही. कॅमेरा आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात बघतो, ज्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. सुहासने काचेला असा लेप दिला की माणसाला आरपार स्वच्छ दिसावं, पण तो उजेड आत शिरू नये. आणि लेपाच्या थरात एक अगदी पातळ पडदा बसवला, जो फक्त त्याच उजेडात दिसतो. त्या पडद्यावर डोळे होते. हलणारे, थांबणारे. सावकाश डावीकडे, मग समोर, मग उजवीकडे, मग आरशात. प्रत्येक ठिकाणी पाव सेकंद, अर्धा सेकंद. जिथे थांबतील तिथे जो कुणी असेल त्याच्या कानात टक्. चष्म्याच्या मागे माणसाची मान वळली, तो झोपला तरी डोळे आपलं काम करत राहायचे.

"तानाजीचं ठीक होतं," सुहास म्हणाला. "तो खरंच बघतोय रस्त्याकडं. मग त्याचा मेव्हणा आला. मग एक पोरगा आला, लग्न मोडायला आलं होतं त्याचं. मग रांगच लागली. अक्का, मला कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई, तुला ठावं हाय."

"किती दिलेस?"

"दीडशेच्या आसपास."

शैलजाताईंनी चष्मा उचलून उजेडात धरला. त्यांना काहीच दिसलं नाही, साधी काच. "डोळे कुणाचे हायेत?"

सुहास खाली बघू लागला. "तुझे."

"काय?"

"दिवाळीत तुला एक फ्रेम घालून तासभर गाडी चालवायला सांगितली होती बघ. म्हटलं होतं, नव्या फ्रेमची चाचणी हाय. तुझ्याइतकं नीट रस्त्याकडं बघणारं दुसरं माणूस मला म्हाईत न्हाई. लक्षांक नव्व्याण्णव."

शैलजाताईंनी चष्मा पालथा ठेवला. तो मोबाइल बघून हसणारा माणूस, तो दात कोरणारा, ती नसीमा, सगळे त्यांचेच डोळे लावून गावभर हिंडत होते. आणि पोरींच्या कानात त्यांच्याच नजरेने टक् टक् होत होतं.

"शर्वरी रोज नव्वद किलोमीटर फिरते, सुहास."

"ती तुझी शिष्या हाय, अक्का. हा इचार मी केला न्हाई असं वाटलं का तुला? म्हटलं, ती कुणाच्या टकटकीवर जात न्हाई. तिला धोका न्हाई."

"तिनं म्हणायचं सोडलंय."

सुहासच्या हातातला स्क्रू खाली पडला. त्याने तो शोधलाही नाही. त्याचा चेहरा बघून शैलजाताईंना त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

त्यांनी शर्वरीला फोन लावला. उचलला गेला नाही. गाडी चालू असताना साक्षी हेल्मेट फोन वाजू देत नाही, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. आज सोमवार, म्हणजे ती चिंचमळ्याच्या वस्तीवर. परतीची वेळ झाली होती.

"उद्या सांगलीला आरटीओत तक्रार देणार मी," त्या दारातून म्हणाल्या. "सख्खा भाऊ म्हणून सोडणार नाही."

"रविवारपर्यंत थांब. मी एकेकाला गाठून परत घेतो."

"आणि तोवर?" असं म्हणून त्या थांबल्याच नाहीत.

क्लासची मोटार दाराशीच होती. छोटी, पिवळी, डोक्यावर लाल एल, दोन्ही बाजूंना ब्रेक. शैलजाताईंनी ती चिंचमळ्याच्या दिशेने काढली. पोरीला वाटेतच गाठायचं, हेल्मेट काढून घ्यायचं, तिला पुढे घालून घरी आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

उसाचा हंगाम. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे अडकलेल्या गाड्या. शैलजाताई प्रत्येक काचेत डोकावत होत्या. हा बिनचष्म्याचा. ही काळ्या गॉगलची. हा तपकिरी, पण फ्रेम पातळ, म्हणजे आपला नाही. तो जाड, तपकिरी, आपला. आणखी एक. ज्या ज्या गाडीत तो चष्मा दिसे, त्या गाडीच्या पुढे त्यांना मनात शर्वरीची मोटरसायकल दिसायची. दीडशे लोक, आणि त्यांच्या वाटेत आपली एक पोर. त्यांनी पदराने घाम पुसला आणि आणखी नीट बघू लागल्या.

चिंचमळा फाट्यावर उजवीकडे वळायचं होतं. समोरून ट्रॅक्टर येत होता, त्याच्या मागे एक जीप. शैलजाताई इंडिकेटर लावून थांबल्या. ट्रॅक्टर गेला. जीपच्या काचेत जाड तपकिरी फ्रेम. हाही. त्यांची नजर त्या चष्म्याला चिकटली, जीप शेजारून जाईपर्यंत चिकटून राहिली. मग त्यांनी समोर बघितलं, अगदी नीट बघितलं, रस्ता मोकळा होता. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

टायर किंचाळल्याचा आवाज आला. शैलजाताईंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

डाव्या दरवाजापासून वीतभर अंतरावर लाल मोटरसायकल तिरपी उभी होती. मागे निळा डबा. बसणारीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, आणि हेल्मेटच्या काचेआडून आईकडे बघणारे शर्वरीचे डोळे.

मग शर्वरीने गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि सगळ्यात आधी निळा डबा उघडून नळ्या फुटल्या नाहीत ना ते बघितलं. मग ती दगडावर बसली.

शैलजाताईंनी मोटार कशीबशी रस्त्याच्या बाजूला आणली. "तू कुठनं आलीस? रस्ता मोकळा होता. मी बघितलं होतं."

"पुढच्या वस्तीवर नमुना घेऊन समोरनंच येत होते. आणि बघितलंस की. म्हणून तर टक् झालं."

"मी तुला नाही बघितलं, शर्वरी."

"आई, तू सरळ माझ्याकडं बघितलंस. मला तुझे डोळे दिसले."

शैलजाताईंनी डॅशबोर्डवर कॅमेऱ्याच्या नोंदी दाखवणाऱ्या छोट्या पडद्याकडे बघितलं. तिथे शेवटची नोंद दिसत होती. समोर, मोटरसायकल, डोळा थांबला, अर्धा सेकंद. पाव सेकंद पुरतो म्हणे. त्यांनी दुप्पट बघितलं होतं. त्या काचा शोधत होत्या, काचेआडची तपकिरी फ्रेम शोधत होत्या. मोटरसायकलला काच नसते. डोळा लेकीवर गेला, तिथे थांबला, डोक्याने सांगितलं इथे ती फ्रेम नाही, आणि डोळा पुढे गेला. ओट्यावरचं झाकण त्यांना आठवलं. त्या दिवशी हॉलमध्ये हा प्रश्न त्यांनीच विचारला होता आणि सगळे हसले म्हणून मनातून खूशही झाल्या होत्या. हजारातला तो एक माणूस दुसराच कुणीतरी असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

त्या शर्वरीच्या शेजारी खाली मातीतच बसल्या. "मग थांबलीस कशी?"

शर्वरीने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "थांबणार नव्हते. टक् झालं तेव्हा मी रेस वाढवली होती. मग लाल एल दिसला. म्हटलं, आईच हाय. आणि तोंडातनं आलं आपोआप." ती हसायला गेली, पण तिला रडू फुटलं. "दुसरी कुठलीबी गाडी असती तर मी गेले असते, आई. तू होतीस म्हणून म्हटलं."

शैलजाताईंनी तिला जवळ घेतलं. बोट टोचायची जी जागा, पाठीच्या मधोमध, तिथेच त्यांचा हात पडला आणि तिथेच राहिला.

फोन वाजला. सुहास होता. त्याचा श्वास लागला होता, मागे बसचा आवाज येत होता. "अक्का, मी निघालोय. पोरगी सापडली का? काय झालं न्हाई ना?"

"ठोकर बसता बसता राहिली."

तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "माझाच चष्मा होता न्हवं? कोण होता तो? सांग मला, आत्ता जाऊन काढून घेतो त्याच्या नाकावरनं."

हो म्हणायला सोपं होतं. भावाला जन्माची अद्दल घडली असती आणि त्याने कधी उलटून विचारलंही नसतं. शैलजाताईंच्या मनात ते येऊन गेलं.

"चष्मा नव्हता, सुहास," त्या म्हणाल्या. "मी होते."

"म्हंजे?"

"उद्या दहाला सांगलीला आरटीओत ये. चष्म्याचं तू सांग. माझं मी सांगते. दोन्ही एकाच अर्जात लिहू."

त्यांनी फोन ठेवला. शर्वरीने डोळे पुसून हेल्मेट परत डोक्यावर घातलं. ते घालू नको असं शैलजाताईंना म्हणायचं होतं, पण त्या म्हणाल्या नाहीत. डोकं तर झाकायलाच हवं. ती पुढे निघाली, मागून पिवळी मोटार.

विट्याच्या वेशीवरच्या चौकात दोघींना एकदम वळायचं होतं. शर्वरी डाव्या अंगाला, शैलजाताई तिच्या उजवीकडे थोड्या मागे. त्यांनी गाडी सावकाश केली, लेकीकडे बघितलं, खूण म्हणून हात वर केला आणि काचेतून मान हलवून सांगितलं की जा, मी बघितलंय. या वेळी त्यांनी खरंच बघितलं होतं. हेल्मेटमध्ये टक् झालंच असणार.

शर्वरीने वळून आईच्या गाडीकडे बघितलं. काचेआड तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण शैलजाताईंना कळलं. पिवळी मोटार पूर्ण थांबेपर्यंत ती जागची हलली नाही. तिने तसंच करायला हवं होतं, तसंच शिकवलं होतं. शैलजाताईंना बरं वाटलं आणि वाईटही. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, आणि लेक पुढे जाईपर्यंत थांबून राहिल्या.